अविमुक्त : एका शब्दाचा काशी ते करवीर प्रवास

(१)
कोल्हापूरची करवीर आणि दक्षिण काशी ही दोन नावे सर्वपरिचित आहेत. स्थलपुराणाच्या परंपरेत या नगरीला आणखी एक विशेषण लावले जाते, ते म्हणजे ‘अविमुक्त क्षेत्र’. प्रलयकाळीही महालक्ष्मी ही भूमी सोडत नाही, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. इतिहास मात्र असेही सांगतो की, एके काळी या मंदिराच्या गाभाऱ्यात देवीची मूर्ती नव्हती. मग हे विशेषण खोटे ठरले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावे लागते.

(२)
प्रथम व्याकरण. ‘मुच्’ हा संस्कृत धातू. अर्थ सोडणे, मोकळे करणे. त्याला ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘क्त’ हा प्रत्यय लागून ‘विमुक्त’ होते. त्यामागे नकाराचा ‘अ’ लागला की ‘अविमुक्त’, म्हणजे जे सोडलेले नाही ते. हे कर्मणी धातुसाधित विशेषण आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. शब्द वर्णन करतो ते भूमीचे. ती न सोडणारा कर्ता कोण, हे शब्द स्वतः सांगत नाही. तो बाहेरून आणावा लागतो.

(३)
याच धातूचे गोत मराठीत मोठे आहे. मुक्ती, मोक्ष, विमोचन हे तत्सम शब्द तर आहेतच. घरातला ‘मोकळा’ हा शब्दही प्राकृताच्या वाटेने इथूनच आला. संतवाङ्मयात आढळणारे ‘मोकलणे’ हे क्रियापदही याच कुळातले. त्यात सोडून देणे आणि टाकून देणे या दोन्ही छटा आहेत. ‘मुक्काम’ मात्र या घरातला नव्हे. तो अरबी ‘मकाम’वरून फारसीच्या द्वारे मराठीत आला. ध्वनिसाम्य कितीही असले तरी दोघांचा संबंध नाही.

(४)
या धातूला दोन तोंडे आहेत. बंधनातून सोडणे ही कृपा. सोबतीतून सोडणे हा त्याग. महाराष्ट्रात ‘भटके विमुक्त’ या संज्ञेत पहिला अर्थ जिवंत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसवला, ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून मुक्त झाले, म्हणून ‘विमुक्त’. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी अशा समाजांची सक्तीची हजेरी १९१८ मध्येच बंद केली होती. तेथे सुटणे हेच भाग्य. ‘अविमुक्त’मध्ये दुसरा अर्थ बोलतो, तेथे न सुटणे हे भाग्य.

(५)
हा शब्द मूळचा काशीचा. वाराणसीच्या राजघाट येथील उत्खननात ‘अविमुक्तेश्वर’ हे नाव कोरलेल्या गुप्तकालीन परंपरेच्या मुद्रा सापडल्या आहेत. आज काशी म्हटले की विश्वनाथ आठवतो. परंतु प्राचीन काळी तेथील प्रमुख लिंग अविमुक्तेश्वर हे होते, आणि विश्वेश्वराचे माहात्म्य साधारण बाराव्या शतकापासून वाढत गेले, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ‘अविमुक्त’ हे केवळ स्तुतिपर विशेषण नव्हते. ते एका दैवताचे, देवस्थानाचे आणि पुढे संपूर्ण क्षेत्राचे नाव होते.

(६)
या नावाची व्युत्पत्ती पुराणांनी एकच दिलेली नाही. सर्वांत प्रसिद्ध अर्थ असा, की शिवाने ही भूमी कधी सोडली नाही आणि सोडणारही नाही, म्हणून ती अविमुक्त. लिंगपुराणात दुसरीही फोड येते. तेथे ‘अवि’ या शब्दाचा अर्थ पाप असा केला आहे. पापापासून मुक्त ते ‘अवि-मुक्त’. व्याकरणाच्या दृष्टीने पहिली फोड सरळ आहे. दुसरी फोड शब्दाच्या इतिहासापेक्षा क्षेत्राविषयीची श्रद्धा अधिक दाखवते. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थांचा विचार करताना अशा व्युत्पत्तींचा परामर्श घेतला आहे.

(७)
उपनिषदांनी हा शब्द आणखी आत नेला. जाबालोपनिषदात अविमुक्त कोठे आहे, असा प्रश्न येतो. उत्तर मिळते : वरणा आणि नासी यांच्या मध्ये. पुढे या दोहोंचे स्थान देहातच दाखवले जाते, भुवया आणि नासिका यांच्या संधीवर. नगराचा नकाशा माणसाच्या चेहऱ्यावर उतरतो. ज्याला काशीस जाता येत नाही, त्याच्यापासूनही ती सुटलेली नाही, हा त्यातला आशय.

(८)
न सोडण्याचे हे बंधन पुराणांनी एकतर्फी ठेवलेले नाही. देव क्षेत्र सोडत नाही, तर भक्तानेही ते सोडू नये, असे सांगताना पुराणकारांनी कठोर भाषा वापरली : अविमुक्तात पोहोचल्यावर दगडाने आपले पाय मोडून घ्यावेत, म्हणजे पुन्हा बाहेर जाणे नको. मरेपर्यंत क्षेत्राची सीमा न ओलांडण्याच्या व्रताला ‘क्षेत्रसंन्यास’ म्हणतात. इतर संन्यासी घर सोडून निघतो. क्षेत्रसंन्यासी निघणेच सोडतो.

(९)
येथे एक अडचण उभी राहते, आणि ती स्कंदपुराणातील काशीखंडानेच उभी केली आहे. दिवोदास राजाच्या काळात शिवाला काशी सोडून मंदर पर्वतावर जावे लागले, अशी कथा त्यात विस्ताराने येते. मग ‘कधीही न सोडलेली’ हे विशेषण कसे टिकते? कथाकाराचे उत्तर असे : निघताना शिवाने कोणाच्याही नकळत आपले एक लिंग तेथे ठेवले. तेच अविमुक्तेश्वर. शिव देहाने दूर होता, परंतु भूमीवरचा हात त्याने काढला नव्हता.

(१०)
ही कथा महत्त्वाची आहे, कारण ‘अविमुक्त’ या शब्दाच्या पोटात अनुपस्थिती गृहीत धरलेली आहे, हे तिच्यावरून कळते. न्याय-वैशेषिक दर्शनात ‘अयुतसिद्ध’ अशी एक संज्ञा आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात तिची पाच जोडपी दिली आहेत : अवयव आणि अवयवी, गुण आणि गुणी, क्रिया आणि क्रियावान, जाती आणि व्यक्ती, विशेष आणि नित्य द्रव्य. वस्त्र आणि त्याचे तंतू हे नेहमीचे उदाहरण. यांना जोडणाऱ्या संबंधाला ‘समवाय’ म्हणतात.

(११)
अयुतसिद्ध आणि अविमुक्त या दोन शब्दांतला फरक सूक्ष्म पण निर्णायक आहे. तंतूंपासून वस्त्र वेगळे करताच येत नाही. तेथे इच्छेचा प्रश्न नाही. अविमुक्त जे असते ते सोडता येण्याजोगे असते आणि तरी सोडले जात नाही. दगड आपले वजन सोडत नाही, याला कोणी निष्ठा म्हणत नाही. आई मूल सोडत नाही, याला म्हणतात. ‘अविमुक्त’ हा शब्द या दुसऱ्या जातीचा आहे.

(१२)
आता करवीराकडे. करवीर माहात्म्याची परंपरा या नावाचा संबंध ‘कर’ म्हणजे हाताशी जोडते. प्रलयाच्या जळात देवीने हे क्षेत्र आपल्या हाताने उचलून धरले, म्हणून करवीर. संस्कृतात ‘करवीर’ म्हणजे कण्हेर, असा साधा वनस्पतिवाचक अर्थही आहे. काशीच्या नावाप्रमाणेच येथेही कोशातला अर्थ एक आणि श्रद्धेने घडवलेला अर्थ दुसरा. श्रद्धेचा अर्थ नेमका ‘अविमुक्त’ शब्दाचेच चित्र आहे : एक हात, आणि त्याने न सोडलेली भूमी.

(१३)
काशीचे अनुकरण येथे पदोपदी दिसते. मंदिराच्या आवारात काशी विश्वेश्वर आहे. मणिकर्णिका आणि काशी या नावांची कुंडे आहेत. करवीर हे काशीहून जवभर अधिक, असेही माहात्म्य सांगते. काशीत मुक्ती मिळते. येथे भुक्ती आणि मुक्ती दोन्ही, हा त्या जवभराचा हिशेब. शेतीवाडीने समृद्ध पंचगंगेच्या काठी संसार आणि परमार्थ यांत भांडण लावण्याची गरज माहात्म्यकाराला वाटली नसावी.

(१४)
मूर्तीतही हीच जोड आहे. चतुर्भुज देवीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यातील महालक्ष्मीच्या वर्णनाशी ही लक्षणे जुळतात. गर्भगृहाच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग या नावाचे शिवलिंग आहे. शैव, वैष्णव आणि शाक्त या तिन्ही प्रवाहांना ही देवता आपली वाटत आली, त्याचे कारण या रचनेत सापडते.

(१५)
पुराणाकडून शिलालेख आणि ताम्रपटांकडे वळले की पाया अधिक घट्ट होतो. शके ७९३ म्हणजे इ. स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाने लोकांवरील संकट टळावे म्हणून आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला अर्पण केल्याचा उल्लेख आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे कोल्हापूरचे शिलाहार राजे महालक्ष्मीच्या वरप्रसादाने राज्य लाभल्याचे बिरुद आपल्या लेखांत अभिमानाने मिरवीत. तेराव्या शतकाच्या आरंभी यादव सिंघणाने शिलाहारांची सत्ता संपवली. राजवंश गेला, देवी राहिली.

(१६)
पुढच्या शतकांत मात्र मूर्तींना धोका उत्पन्न झाला. विठ्ठलाची मूर्ती पंढरपुराबाहेर हलवल्याच्या परंपरा प्रसिद्ध आहेत. विजयनगरहून ती भानुदासांनी परत आणल्याची कथा वारकऱ्यांच्या जिभेवर आहे. कोल्हापुरातही आक्रमणाच्या भयाने महालक्ष्मीची मूर्ती मंदिरातून काढून, कपिलतीर्थाच्या परिसरात पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती, असे परंपरा सांगते. म्हणजे अविमुक्त क्षेत्राची स्वामिनी आपल्याच नगरीत, आपल्या गाभाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, अज्ञातवासात होती.

(१७)
गाभारा रिकामा असताना क्षेत्राचे काय होते, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार एका मराठी घराण्यात आधीच झाला होता. पैठणच्या रामेश्वर भट्टांचे कुटुंब काशीस स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट हे सोळाव्या शतकातील काशीचे अग्रगण्य पंडित. विश्वेश्वराच्या मंदिराची त्या शतकाच्या उत्तरार्धातील उभारणी त्यांच्या नावाशी जोडली जाते. प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळांचा विधी सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ हा त्यांचा ग्रंथ.

(१८)
त्या ग्रंथातील त्यांचा निर्णय असा : काळाच्या ओघात मूळ लिंग हलवले गेले आणि माणसांनी त्या जागी दुसरे बसवले, तर जे त्या ठिकाणी असेल त्याचीच पूजा करावी. परकीय सत्तेच्या जोरामुळे तेथे लिंगच नसेल, तरीही त्या स्थानाला नमस्कार आणि प्रदक्षिणा करावी; मूर्तीच्या अभावी जे विधी होऊ शकत नाहीत तेवढेच राहतील. पूजेचा आधार मूर्तीवरून स्थानावर सरकवणारा हा निर्णय संकटकाळाच्या अनुभवातून आला होता. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले, तेव्हा त्याची पुन्हा गरज पडली.

(१९)
याच नारायण भट्टांचे पणतू विश्वेश्वर, म्हणजे गागाभट्ट. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक त्यांच्या पौरोहित्याखाली झाला. त्यानंतर जेमतेम चार दशकांनी शिवाजी महाराजांच्या नातवापुढे रिकाम्या गाभाऱ्याचा तोच प्रश्न कोल्हापुरात उभा राहिला. हा नातू म्हणजे राजाराम महाराज आणि राजसबाई यांचे पुत्र, करवीरचे संभाजी महाराज.

(२०)
१७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर झाले होते. महाराणी ताराबाई आणि त्यांचा पुत्र शिवाजी यांना बाजूला सारून संभाजी महाराज गादीवर आले. साताऱ्यास शाहू महाराजांची गादी होतीच. घरात कलह, शेजारी प्रतिस्पर्धी, आणि नव्या राजाच्या अधिकाराला सर्वमान्य आधार हवा होता. सावगावचे नरहर भट यांना देवीचा दृष्टांत झाला व त्यांनी महाराजांना ती वार्ता दिली, अशी परंपरा आहे. श्रद्धा आणि राजनीती या ठिकाणी एकाच दिशेने चालत होत्या.

(२१)
महाराजांच्या आज्ञेवरून सिधोजी हिंदुराव घोरपडे यांनी २६ सप्टेंबर १७१५, सोमवारी, विजयादशमीच्या दिवशी मूर्तीची मंदिरात पुनःस्थापना केली. त्या वेळी राजधानी पन्हाळगडावर होती. ती कोल्हापुरात आली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. राजा गडाच्या तटबंदीत असतानाच देवी मैदानावरच्या उघड्या नगरीत परतली होती. राज्य पुढे दोनशेहून अधिक वर्षे टिकले आणि १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. ‘करवीर’ हे नाव आजही तालुक्याच्या रूपाने सरकारी दप्तरात आहे.

(२२)
मूर्तीच्या स्थानाची आठवण मंदिराच्या बांधणीनेही जपली आहे. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग क्रमाने वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. हा किरणोत्सव. दोन्ही काळ दक्षिणायनाच्या अंतापासून, म्हणजे २१-२२ डिसेंबरपासून, सुमारे ४१-४२ दिवसांच्या समान अंतरावर आहेत. सूर्य त्या दोन वेळी क्षितिजावर जवळपास एकाच बिंदूला मावळतो, इतके साधे खगोलगणित त्यामागे आहे.

(२३)
याचा एक अर्थ असा, की गाभारा रिकामा होता त्या वर्षांतही आकाश स्वच्छ असेल तेव्हा किरण त्याच वाटेने येत असणार. अलीकडे मात्र त्या वाटेवरच उंच बांधकामे, फलक आणि तारा यांचा अडथळा होतो, आणि किरणोत्सव पूर्ण झाला की नाही ही दर वर्षी बातमी ठरते. आक्रमणाच्या काळात किरण होते, मूर्ती नव्हती. आता मूर्ती आहे, किरणांचीच वाट मोकळी ठेवावी लागते.

(२४)
कुंडांची कथाही अशीच. मणिकर्णिका कुंड मातीने बुजवून वर उद्यान केले गेले होते. अलीकडच्या वर्षांत उत्खननानंतर त्याच्या पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आहे; तीर्थाचे पाणी गेले, नाव मात्र बाजाराला चिकटून राहिले. मूर्तीचीही झीज झाली आणि २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी तिचे रासायनिक संवर्धन केले. देवस्थानाच्या टिकण्यात आज रसायनतज्ज्ञ, स्थापत्य अभियंता आणि नगररचनाकार यांचाही वाटा आहे.

(२५)
काशीच्या बाबतीत या साखळीची पुढची कडीही मराठीच आहे. १६६९ नंतर शतकभराने, १७८० च्या सुमारास, अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे आजचे मंदिर उभारले. ते मूळ जागेच्या शेजारी आहे. पैठणच्या पंडिताने लिहिलेला निर्णय आणि महेश्वरच्या राणीने बांधलेले मंदिर या दोहोंच्या मधली सुमारे दोनशे वर्षे यात्रेकरू काशीस येतच राहिले. यात्रा खंडित झाली नाही, म्हणून मंदिर परत उभे राहण्यास कारण उरले.

(२६)
आता आरंभीच्या प्रश्नाकडे. गाभाऱ्यात मूर्ती नव्हती, तेव्हा ‘अविमुक्त’ हे विशेषण खोटे ठरले काय? व्याकरण सांगते की हा शब्द भूमीविषयी आहे आणि कर्ता त्यात अध्याहृत आहे. पुराणांनी तो कर्ता शिव आणि महालक्ष्मी मानला. इतिहासात त्या जागी वेगवेगळी माणसे उभी राहिलेली दिसतात : घरात मूर्ती दडवून जीव धोक्यात घालणारा पुजारी, रिकाम्या जागेलाही नमस्कार करा असे लिहून ठेवणारा पंडित, नव्या गादीवरचा राजा, त्याचा सरदार, आणि ज्यांची नावे कोणत्याच लेखात नाहीत असे असंख्य यात्रेकरू.

(२७)
मूर्ती हलली, राजवंश बदलले, कुंडे बुजली. त्या भूमीवर कोणाचा ना कोणाचा हात मात्र कायम राहिला. १७१५ ची पुनःस्थापना शक्य झाली ती लपवणाऱ्यांनी जागा लक्षात ठेवली म्हणून. ती आठवण एका पिढीने दुसरीकडे दिली नसती, तर विजयादशमीला परत आणण्यासारखे काही उरले नसते. ‘अविमुक्त’ हे विशेषण करवीराला लावायचे, तर न सोडण्याचे ते काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. सध्या ते काम महाद्वाराच्या वाटेवर आणि मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर चालू आहे.